ठाण्यावर जेवून येतो

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल माफी. फौजदारकीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांनी आपल्या केसेस लिहायचा सपाटा लावलाय. एक केस मीही लिहून ठेवते, कारण ती हे कधी लिहिणार नाहीत. नाव कुणाचंच घालत नाही.

केस उघडकीस आली ती इथे आखातात, अल कुसैसला, लेकाच्या फ्लॅटमध्ये. नातीला शाळेचा प्रोजेक्ट होता. महायुद्धात परक्या सैन्याने देश बळकावले आणि ज्यू लोकांना पकडून नेऊन मारायला लागले, तेव्हा काही साध्या घरांनी ज्यूंची मुलं आपल्याकडे लपवली. कुणी माळ्यावर, कुणी भाची म्हणून. सापडली तर मुलाबरोबर ते घरही संपायचं. नात वाचून सांगत होती.

ह्यांना गप्प ऐकवेल तर शपथ. म्हणाले, "मी दोन दिवसांत शोधली असती. लपवलेलं माणूस दिसत नाही, त्याचं जेवण दिसतं. रेशन चौघांचं आणि स्वयंपाक पाच जणांचा? दूधवाल्याला विचारायचं, दोरीवरचे कपडे बघायचे. खलास."

नातीने पुस्तक मिटलं. "अँड देन? यू वुड टेल देम?"

"ते ड्युटीवर अवलंबून असतं."

"आजोबा, येस ऑर नो?"

"असा येस-नो मध्ये तपास होत नाही, बाळा."

झालं. पोरगी ह्यांच्याशी बोलेना. शाळेच्या बसवर आजोबा नको, आजी तू ये. हे खालच्या ग्रोसरीतून तिच्या आवडीचे चिप्स आणायचे, पाकीट टेबलावर तसंच पडायचं. तरी माणूस तोंड उघडेना. 'नसतं सांगितलं' एवढे दोन शब्द म्हणायला काय जात होतं? मी वैतागले.

शेवटी जेवताना मीच बोलले. ह्यांची नेमणूक तालुक्याला होती तेव्हा गावात भांडण पेटलं होतं. शेजारच्या शिंप्याच्या घरावर माणसं चालून आली. नवरा-बायको पळाले आणि जाताना लहानगी लेक माझ्याकडे सोडली. "वहिनी, साहेबांनाही सांगू नका," शिंपीण म्हणाली, कारण ठाण्याच्या मोठ्या साहेबांचं त्याच माणसांत उठणं-बसणं होतं. मुलीचा मामा येऊन तिला नेईपर्यंत मी तिला धान्याच्या कोठीआड ठेवली.

"तेव्हा तू काळजी करू नकोस," मी नातीला म्हणाले, "तुझ्या आजोबांनी कुणालाच शोधलं नसतं. ह्यांना स्वतःच्या घरातलं पोर सापडलं नाही."

लेक हसला. नातही हसली. हे भात कालवत म्हणाले, "निळा फ्रॉक होता. तू तो माझ्या युनिफॉर्मखाली वाळत घालायचीस."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझ्या जिवाला घोर. शिवाय मोठ्या साहेबांकडेही तोच दूधवाला, तोच वाणी. आपल्याकडे काही जास्त यायला लागलं असतं तर त्यांना कळलं असतं."

तेव्हा मला आठवलं. त्याच दिवसांत हे रोज म्हणायचे, ठाण्यावर जेवून येतो. घरचं अन्न गोड लागत नाही का, म्हणून मी धुसफुसले होते. पुढे कितीतरी वर्षं त्यावरून टोमणे मारले.

"ठाण्यावर काय मिळायचं जेवायला?"

"चहा."

नातीने उठून चिप्सचं पाकीट फोडलं आणि ह्यांच्यापुढे धरलं.

त्या परक्या देशांतल्या घरांतही असा एखादा असणार. काही न विचारता ताटावरून लवकर उठणारा. पुस्तकात तो येत नाही, कारण तो सांगतच नाही. मोठेपणा असेल, पण अशा माणसाशी संसार करणारीने किती सोसायचं? एवढे टोमणे ऐकून घेतले, पण एकदा म्हणाले नाहीत की अगं, मी उपाशी होतो.

मी ह्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"पोट भरलंय," म्हणाले.

"तुमचं ते आता ऐकणार नाही," मी म्हणाले, आणि पोळी संपेपर्यंत समोर बसून राहिले.