चंद्रकुमारने सुधारलेलं चर्च

चंद्रकुमारला जुन्या वस्तूंची लाज वाटे. जवाहरनगरच्या कारखान्यातली नोकरी संपवून तो तुमसरजवळच्या आमच्या गावी परतला आणि आधी आईची पितळी भांडी मोडीत घातली. अशा माणसाला आम्ही चर्चच्या समितीचा अध्यक्ष केलं. हा मूर्खपणा आमच्याच मंडळीला सुचू शकतो.

आमचं चर्च शंभरेक वर्षांपूर्वी एका मिशनरी साहेबाने बांधलं. माल इथलाच, काम हाताचं आणि ते लपवायचं नाही, हा त्याचा हट्ट. म्हणून भिंतींच्या दगडांवर गिलावा नाही, कवेलूंचं छप्पर खाली झुकलेलं, सागाच्या तुळयांवर सुताराच्या वाकसाचे घाव तसेच. वेदीमागे लाकडात कोरलेल्या धानाच्या लोंब्या, एकीसारखी दुसरी नाही.

"हे चर्च होय का धानाची कोठी?" चंद्रकुमार पहिल्याच सभेत म्हणाला. "नागपूरचे पाहुणे आले का मले तोंड लपवा लागते. हे दगडं, तुळया सारं झाकून टाकू."

"काहून झाकता जी? दिसाले त चांगलं हाय," आमच्या जुन्या पाळकांची बायको रुखमिणीबाई बोलली.

"बाई, तुमाले डिझाइनमधलं काय समजते?"

त्याला फार समजत होतं. दगडांवर न्हाणीघरातल्यासारख्या चकचकीत टाइल्स आल्या. लोंब्यांना सोनेरी रंग फासला. तुळयांखाली पीओपीचं छत आणि त्यात निळे दिवे. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, फुटके बदलायचे, तेही त्याने बंद केलं. "वरचं कोण पाहून राहिलं?" म्हणाला. दोन पावसाळे वरून पाणी झिरपत राहिलं.

मग त्याच्या मुलीचं, गुंजनचं लग्न त्याच चर्चमध्ये लागलं. आशीर्वादानंतर चंद्रकुमार भाषणाला उभा राहिला. चर्चचा कायापालट आपण कसा केला, हे सांगत असतानाच मागून कडकड आवाज आला. लोक बाजूला पळाले आणि रिकाम्या बाकांवर पीओपीच्या छताचा अर्धा भाग कोसळला. कुणाला लागलं नाही. पांढरी धूळ बसली तेव्हा सगळे वर उघड्या पडलेल्या तुळयांकडे पाहत होते.

"वा! असं लाकूडकाम आता कुठं पाहाले भेटते?" नवरदेवाचे वडील म्हणाले.

चंद्रकुमारने कोटावरची धूळ झटकली. "मीच जपून ठेवलं जी. झाकलं नसतं त खराब झालं असतं."

गुंजनने लाजेने मान खाली घातली. त्याने नाही.

आता शेजारच्या गावची मंडळी नवं चर्च बांधते आहे. सल्ल्यासाठी त्यांनी चंद्रकुमारला बोलावलं. दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्सचे नमुने घेऊन तो सकाळीच गेला.