राजे, राण्या आणि अंतराळवीर शिवणाऱ्या द्वारकाताई

द्वारकाताई मगरे यांची आणि माझी पहिली भेट वडीगोद्रीला, हमरस्त्यालगतच्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात झाली. अंबडहून आलेल्या एसटीतून त्या उतरल्या, काखेत कापडाचा गठ्ठा घेऊन सरळ दुकानात आल्या आणि शेरवानी शिवणारे मास्तर तुम्हीच का, असं त्यांनी विचारलं. आमच्या भागात लग्नाच्या शेरवान्यांसाठी माझं नाव होतं आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. मी शिलाई न थांबवता नुसती मान हलवली.

एका ऐतिहासिक चित्रपटाच्या वेशभूषेचं काम त्यांच्याकडे आलं होतं. सैनिकांचे अंगरखे शिवायचे होते. नमुना म्हणून एक शिवून ठेवा, आठ दिवसांनी येते, असं सांगून त्या गेल्या. मी माझं सगळं कसब त्या अंगरख्यात ओतलं. आठ दिवसांनी ताई आल्या, त्यांनी अंगरखा उलटा करून एकेक शिवण बोटाने तपासली आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावून तो त्याच्या अंगात घालायला लावला. माझी लाकडी मोजपट्टी तलवार म्हणून त्याच्या हातात दिली आणि वार करायला सांगितलं. त्याने हात वर नेला, तसा सगळा अंगरखा त्याच्या कमरेपर्यंत वर सरकला.

“भाऊ, शिलाई बराबर हाय तुमची,” ताई म्हणाल्या. “पण हा माणूस लढंल कसा?”

दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली होती. ताई तिथेच खाली बसल्या, त्यांनी बाही उसवली आणि काखेत एक चौकोनी तुकडा जोडून दाखवला. जुने शिंपी त्याला चौबगला म्हणतात. माझे वडील बंडी शिवताना हा तुकडा हटकून लावायचे. शर्टाच्या धंद्यात पडल्यावर मी तो विसरून गेलो होतो. वीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला चारचौघांत असं शिकवलं गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी ताईंशी नीट बोललोसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र राग गिळून नवा अंगरखा कापला, काखेत तुकडा लावला आणि तो घेऊन स्वतः अंबडला गेलो. ताईंच्या शिवणवर्गातल्या बायकांसमोर तो मलाच घालावा लागला. हात डोक्यावर नेला, तरी अंगरखा जागचा हलला नाही. ताई म्हणाल्या, “आता जमलं. असे साठ लागतील.” माझं नेमणूकपत्र ते एवढंच. त्याला सत्तावीस वर्षं झाली.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्याबद्दल विद्वान मंडळी लिहितीलच. मी त्यांचा कटिंगमास्तर. जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच सांगू शकतो.

ताई मूळच्या कुंभार पिंपळगावच्या. आईवडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जात. घराने बौद्ध धम्म स्वीकारलेला, त्यामुळे शाळेच्या बाबतीत वडील फार कडक होते. बाजारच्या दिवशीदेखील ताईंची शाळा बुडू देत नसत. पुढे ताईंनी शिवणकामाचा कोर्स केला आणि अंबडला वर्ग चालवायला घेतला. शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पोशाख, मग नाटक मंडळींचे, आणि त्यातून चित्रपटाचे, अशी त्यांची वाट गेली. वेशभूषेचं शास्त्र त्यांना कोणी शिकवलं नाही. ओझं उचलताना माणूस मुंडासं कसं बांधतो, चालताना बाई निऱ्या कुठे खोचते, देवळातल्या मूर्तीच्या शेल्याला घड्या कशा पडतात, हे त्या थांबून बघत आणि वहीत काढून ठेवत. आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर गेलं की भाजी घ्यायची राहून जाई.

त्यांच्या कामामागे कोणती मूल्यं आहेत, हे मला त्या पहिल्याच चित्रपटात कळलं. अंबडपासून थोड्या अंतरावर माळावर चित्रीकरण होतं. वेशीबाहेर राहणारे लोक राजाकडे गाऱ्हाणं घेऊन येतात, असा प्रसंग होता. त्यासाठी आसपासच्या गावांतून शंभरेक माणसं आणली होती. ताई सकाळी राजाच्या पोशाखात गुंतलेल्या होत्या. तेवढ्यात दिग्दर्शकांच्या सांगण्यावरून त्यांच्या सहायकांनी या लोकांचे कपडे फाडून काजळीच्या पाण्यात बुडवायला सुरुवात केली. मी धावत जाऊन ताईंना सांगितलं.

ताई आल्या, त्यांनी ती बादली उचलून बाजूला ठेवली आणि दिग्दर्शकांना म्हणाल्या, “साहेब, फाटकं चालंल. घाण चालणार न्हाई.”

दिग्दर्शक तरुण होते, हुशार होते आणि सकाळपासून ऊन डोक्यावर घेऊन उभे होते. ही माणसं गरीब आहेत हे प्रेक्षकाला एका नजरेत कळलं पाहिजे, असं ते म्हणाले. ताईंनी त्यांना शांतपणे आपल्या आईबद्दल सांगितलं. आईकडे दोनच लुगडी होती, एक अंगावर आणि एक वाळत. रोज राखेने धुतलेली. ठिगळ लावायचं झालं तर ती सारख्या रंगाचा तुकडा मिळेपर्यंत थांबायची. मालकाच्या दारात जायचं असलं की त्यातलं बरं लुगडं नेसून जायची. गरिबी दाखवायची असेल तर ठिगळातून दाखवू, पण आमच्या लोकांना मळवून उभं करणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

दिग्दर्शकांना हे लोकांदेखत ऐकावं लागलं, ते त्यांच्या मनाला लागलं. सांगितलं तसं करायचं नसेल तर आपलं सामान घेऊन जावं, असं ते बोलून गेले. ताई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मशिनी बांधा.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला ताईंचा राग आला. दुकान भावाच्या ताब्यात देऊन मी या कामात पडलो होतो. ताईंचंही चित्रपटाचं हे पहिलंच मोठं काम होतं. ते असं अर्ध्यात सुटलं असतं, तर आमच्या भागातल्या बाईला पुन्हा कोणी विचारलं नसतं. कपड्याच्या मळावरून एवढं कशाला, असं मनात आलं. तरीही मी मशीनची वायर गुंडाळायला लागलो, कारण ताईंचा आवाज थोडाही चढलेला नव्हता.

तेवढ्यात रांगेत गडबड झाली. गिरजाबाई नावाच्या एक वयस्कर बाई जवळच्या वस्तीतून कामाला आल्या होत्या. सहायकांनी काजळीत बुडवलेलं लुगडं सर्वांत आधी त्यांनाच नेसायला दिलं होतं. त्या बाजूला जाऊन, पाण्याच्या टँकरच्या नळाखाली ते खसखसून धुऊन, पिळून, ओलंच नेसून परत रांगेत येऊन उभ्या राहिल्या होत्या. आमच्या भांडणाची त्यांना काहीच कल्पना नव्हती. लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. सहायक त्यांच्यावर ओरडू लागले, तेव्हा त्या गोंधळून ताईंकडे बघत म्हणाल्या, “मळकं आल्तं माय, धुऊन आणलं. राजापुढं उभं राहायचं म्हन्तेत ना?”

दिग्दर्शक गिरजाबाईंकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ताईंना विचारलं, किती वेळ लागेल. ताई म्हणाल्या, दोन तास.

ते दोन तास मी कधी विसरणार नाही. ताईंनी रंगीत तुकड्यांची पोती सोडली आणि रांगेतल्या बायकांनाच सुई-दोरा दिला. वाकळा शिवलेले हात ते. ठिगळ कसं लावायचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. कोणी खांद्याला लावलं, कोणी पदराला. पुरुष मंडळी धोतरं धुऊन माळावर वाळत घालू लागली. थट्टामस्करी चालली होती. कोणी एक जण राजाला बोलावून घ्या, त्याचंबी काही फाटलं असंल तर शिवून देऊ म्हणाला, तेव्हा दिग्दर्शकही हसले. पुढे चित्रपट आला. तो प्रसंग मी आमच्याकडच्या थिएटरात पाहिला. धुतलेले, ठिगळांचे कपडे घातलेली ती शंभर माणसं राजापेक्षा मोठी दिसत होती. गिरजाबाई पहिल्या रांगेत होत्या.

यानंतर ताईंना कामाची कमतरता पडली नाही. एका अद्भुतरम्य चित्रपटात चंद्रावरच्या राणीचा झगा करायचा होता. आमच्या जालन्याला रेशीमकोषांचा बाजार भरतो. तिथून ताईंनी फुटके, सुताला निरुपयोगी असे कोष पोतंभर आणले आणि आम्ही महिनाभर ते झग्यावर टाचले. दिसायला अप्रतिम झाला. पण राणी चालायला लागली की सुकलेल्या शेंगांसारखा खुळखुळ आवाज यायचा. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी डोक्याला हात लावला. ताईंनी चूक आपली आहे हे लगेच मान्य केलं आणि दोन दिवस बसून प्रत्येक कोषात कापूस भरला. आम्हीही भरला. ताईंच्या हाताखाली काम करणाऱ्याला उसवण्याची लाज वाटत नाही, कारण सर्वांत जास्त उसवतात त्या स्वतः. अर्थात आमच्याकडूनही तितकंच उसवून घेतात. त्या बाबतीत त्यांनी कोणावर दया केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मग काही वर्षांनी ते पहिल्या चित्रपटाचेच दिग्दर्शक पुन्हा आले. केस पांढरे व्हायला लागले होते. या वेळी गोष्ट तीनशे वर्षांनंतरची होती. परग्रहावर वसाहत केलेली माणसं, आणि चित्रीकरण जालन्याजवळच्या दगडाच्या खाणीत. त्यांनी मुंबईहून एक चकचकीत पोशाख नमुन्याला आणला होता. ताईंनी तो हातात घेऊन त्यांना विचारलं की या माणसाचा घाम कुठे जातो, पाणी कुठे ठेवतो आणि गुडघा फाटला तर तिथे शिवतं कोण. दिग्दर्शक आता चिडले नाहीत. त्यांनी वही काढली आणि प्रश्न लिहून घेतले.

आमचे अंतराळवीर शेवटी शेतीच्या दुकानातून तयार झाले. रोपवाटिकेवर घालायची शेडनेट, ठिबकच्या बारीक नळ्या, बियाण्याच्या पिशव्यांचं जाड कापड आणि आतून मऊ सुती अस्तर. नळ्यांतून थंड पाणी फिरेल अशी सोय केली. खाणीतल्या उन्हात नायक दिवसभर उभे राहिले आणि संध्याकाळी ताईंना येऊन म्हणाले की आजवर घातलेल्या पोशाखांत हा पहिलाच, जो काढावासा वाटला नाही. वसाहतीच्या प्रमुख असलेल्या बाईंच्या कोपराला ताईंनी एक ठिगळ लावलं होतं. तिकडे दुकान थोडंच असतंय, असं त्यांचं म्हणणं. चित्रपट पाहणाऱ्या मुलांनी त्या ठिगळाची चित्रं काढून पाठवली. ती शिवणवर्गाच्या भिंतीवर लावलेली आहेत.

ताईंनी माझ्यावर व्यक्तिशः जे उपकार केले, त्यातला एक सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. कात्री दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. मी कोणाला कळू दिलं नाही, कारण कटिंगमास्तरचा अंगठा गेला की मास्तर गेला. एक दिवस ताईंनी मी कापलेल्या कापडाची कड उजेडात धरली. कड किंचित दातेरी झाली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवा खडू ठेवलेला आणि समोर वर्गातल्या चार मुली उभ्या.

“भाऊ, आजपासून तुम्ही आखायचं,” ताई म्हणाल्या. “कात्री ह्या चालवतील. तुमच्या डोक्यात जे हाय ते खडूनं उतरून द्या, मंग अंगठ्याला कशाला तरास.”

त्या चार मुलींपैकी दोघी आज स्वतंत्रपणे चित्रपटांची कामं करतात. आणि त्याच वर्षी आलेल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वेशभूषेच्या खाली पहिलं नाव नेहमीप्रमाणे माझंच होतं, नंतर शिवणाऱ्या प्रत्येक बाईचं. कारागिरांची नावं पडद्यावर येतील, तरच काम घेईन, ही अट ताईंनी पुष्कळ आधीपासून घातलेली आहे. कात्री सुटली तरी नाव जागेवर आहे, हे वाचून माझी पत्नी थिएटरात रडली. मी तिला गप्प बस म्हणालो, पण माझीही अवस्था फारशी वेगळी नव्हती.

ताईंना प्रकृतीची साथ आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या सुईत दोरा स्वतः ओवतात आणि आम्हाला ओवता आला नाही की हसतात. गेल्या महिन्यात एक नवीन दिग्दर्शिका त्यांच्याकडे आल्या. त्यांच्या चित्रपटाची नायिका नव्वद वर्षांची आहे, एका डोंगरी राज्याची राणी. ताईंनी संहिता पूर्ण वाचली, आवडली म्हणाल्या आणि मग तिची पानं मिटून बाजूला ठेवली.

“बाकी सगळं करून देते,” त्या दिग्दर्शिकेला म्हणाल्या. “पण नव्वदीत बाईची बाही कुठं झिजते, ते मला अजून माहीत न्हाई. ते पंधरा वर्षांनी सांगते.”

ताई, ते ऐकायला आम्ही सगळे थांबलो आहोत. मी तेव्हा ब्याऐंशीचा असेन. वही आणि खडू घेऊन येतो. तुमच्या तोंडूनच ऐकायचं आहे, तेव्हा सुखाने, निरोगी राहून तेवढा काळ आमच्यात असा, आणि नव्वदीच्या बाहीचं माप घेऊन झालं की शंभरीच्या कामाला लागा.