माना वळल्या तेव्हा

समस्त जनतेस कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, आमच्या तालुक्यातून वर्णभेद कायमचा नाहीसा झाला आहे! हे थोर कार्य आम्ही शिक्षकांनी एका दिवसाच्या प्रशिक्षणात, चहा-सामोसे सांभाळून, उरकलं.

दुपारी छोटं नाटुकलं बसवायचं होतं. प्रशिक्षक सरांनी विचारलं, "वर्गात रंगावरून चिडवलं जाणारं मूल कोण होणार?" कुणी नाव घेतलं नाही. फक्त सभागृहातल्या सगळ्या माना एकदम वळल्या आणि शुभांगीबाईंवर येऊन थांबल्या. आमच्यात सर्वांत काळ्या त्याच.

किती सहज वळल्या त्या माना! वाऱ्यानं गवत झुकावं तशा. त्यात दुष्टावा नव्हता, आणि मला अजून त्याचंच वाईट वाटतं. जिभेला शिकवता येतं. फळ्यावरची चांगली वाक्यं ती सुरेख म्हणून दाखवते. मानेला कोण शिकवणार?

शुभांगीबाई मुकाट्यानं पुढे आल्या. गणिताच्या सरांनी आवाज लावला, "ए डांबर, मागे बस!" बाईंनी मान खाली घातली आणि त्या बोटांनी पदराचं टोक पिळायला लागल्या. इतकं हुबेहूब की टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्या, तरी त्या तशाच उभ्या. प्रशिक्षक सर कौतुकानं हसले, "वा बाई! आता भूमिकेतून बाहेर या."

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "कशी येऊ, सर? ही भूमिका मला दुसरीत असल्यापासून दिलीय!"