रुमाल टाकलेली सीट

संध्याकाळचे सहा. गिरगावात फणसवाडीतल्या आमच्या चाळीची दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी. इथल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बाहेर असतं. कुणाचा मुलगा दिल्लीला, कुणाची मुलगी नागपूरला. म्हणून आम्ही म्हातारे विमानाने जातो आणि परत येताना किस्से घेऊन येतो. पोरं आणता येत नाहीत, मग किस्सेच साठतात. आणि सगळे किस्से एकाच गोष्टीचे: सीट.

बापू गावडे घोडपदेवला राहतात. मी वार्ताहर होतो, गिरणी संपाच्या बातम्या करताना ओळख झाली. गिरणी गेली, बापू राहिले. नातवाच्या मुंजीला सहा जण दिल्लीला निघाले. सहा सीटा सहा टोकांना! बापू सगळ्यांच्या आधी आत घुसले. एका सीटवर रुमाल, दुसरीवर टोपी, तिसरीवर पिशवी.

हवाईसुंदरी म्हणाली, "सर, ये किसका है?"

"ओ बाय, रुमाल टाकलंय मी! माणसां मागसून येतत!"

कोकणच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली. हा कायदा कुठे छापलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती नाही. विमानात तो कोण मानणार? इतक्यात त्या सीटचा खरा मालक आला. सूटबूट, हातात लॅपटॉप. त्याने रुमाल पाहिला, बापूंना पाहिलं आणि विचारलं, "खयचे तुम्ही?"

"मालवण."

"मी देवगडचो. रुमालाचो मान ठेवूक व्हयो." आणि गेला की मागे बापूंच्या सीटवर!

हा किस्सा ऐकून सगळ्यात जास्त कोण हसलं असेल, तर माझी बायको, सुलभा.

शेजारचे नेनेकाका सहाव्या रांगेत, काकू एकोणिसाव्या. काका खूष. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोन तास शांत झोप! पण काकूंना आठवलं, बीपीची गोळी राहिली. बेल्टचा दिवा लागलेला, उठता येईना. त्यांनी गोळी पुढच्याच्या हातात दिली. "नेन्यांना द्या. बीपी आहे त्यांना, आणि लोणचं सोडत नाहीत." गोळी तेरा रांगा पार करून पोचली, सोबत निरोपही. उतरताना एक अनोळखी तरुण म्हणाला, "काका, लोणचं सोडाच!"

तळमजल्यावरच्या लीलाताई एकट्या. त्या नागपूरला मुलीकडे जातात. खिडकीचे जादा पैसे भरतात आणि दर वेळी कुणीतरी येतंच. "आजी, तुम्ही एकट्याच ना? मागे बसाल का? आम्ही फॅमिली आहोत." दोन वेळा उठल्या. तिसऱ्यांदा नाही. म्हणाल्या, "एकटी आहे म्हणूनच खिडकी घेतली. बोलायला ढग तरी असतात!"

आम्ही हसलो. लीलाताई हसल्या नाहीत.

आता माझा. बेंगळुरूला लेकीकडे पहिलं बाळ येणार होतं. सुलभाचा पहिलाच विमानप्रवास. रेवसच्या लाँचमध्येसुद्धा माझा दंड सोडायची नाही ती. विमान कंपनीने शेजारी बसायचे वेगळे पैसे मागितले, आणि माझं डोकं फिरलं. नवरा-बायकोने शेजारी बसायचं भाडं? आयुष्यभर महापालिकेशी भांडलो, यांच्यासमोर वाकू? "पैशांचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

सुलभा म्हणाली, "अहो, तुमचं तत्त्व माझ्या शेजारी बसणार आहे का?"

मला सात सी, तिला तेवीस डी. काउंटरवर पंधरा मिनिटं भांडलो. ती डिंकाच्या लाडवांचा डबा छातीशी धरून उभी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, फ्लाइट फुल आहे." विमान उडालं तेव्हा मी वळून वळून पाहिलं. फक्त तिचं कोपर दिसलं, खुर्चीच्या हातावर घट्ट रोवलेलं. बेल्टचा दिवा विझताच हवाईसुंदरीला विचारलं, "मागे एखादी जागा आहे का?" तिने मागे न बघताच सांगितलं, "फुल आहे सर." मी जागेवर बसून मनातल्या मनात जळजळीत लेख लिहीत राहिलो.

बेंगळुरूला सामानाच्या पट्ट्याशी सुलभा म्हणाली, "माझ्या बाजूची रिकामीच होती हो. मी रुमाल टाकून ठेवला होता. वाटलं, याल."

परत आम्ही रेल्वेने आलो. ती पुन्हा विमानात बसली नाही. दिवाळीच्या आधी गेली.

आता नातीला भेटायला मी एकटाच जातो. "अंकल, तुम्ही एकटेच ना?" कुणी विचारलं की उठतो. भांडत नाही.

विमान कंपनीला मात्र चार पत्रं लिहिली. चारही वेळा दिलगिरी आली, छापील. पैसे परत मागितलेले नाहीत. विचारलंय एवढंच, की फ्लाइट फुल होती, तर तेवीस ई रिकामी कशी होती?

रुमाल माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही.