शंकाबाईच्या दोन चिठ्ठ्या

माझी आत्या घराला कुलूप लावते, चार पायऱ्या उतरते, पुन्हा चढून कुलूप ओढून बघते. मग गॅस बंद केला की नाही हे आठवेना म्हणून कुलूप उघडून आत जाते. तिच्याबरोबर निघून वेळेवर पोचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. ऑफिसात तिला शंकाबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते.

तिचं ऑफिस म्हणजे वाळवलेल्या रोपांचा संग्रह. लोखंडी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास, पुठ्ठ्यावर दोऱ्याने टाचलेली रोपं आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात चिठ्ठी: काय, कुठे, कधी, कोणी आणलं. घरी आम्ही त्याला वाळवण खातं म्हणतो. एकतीस वर्षं आत्या तिथे रानडेझी, म्हणजे रानात उगवणाऱ्या डेझीची रोपं, सांभाळते आहे. दोन महिन्यांनी निवृत्त होईल.

या रानडेझींत दोन सख्ख्या बहिणी आहेत. एक वाळवंटात राहते, दुसरी उभ्या कड्याच्या भेगांत. फुलं बघून ओळखायला जाल तर फसाल; दोघींच्या पाकळ्या पांढऱ्या, मधला डोळा पिवळा. वाळवंटीच्या पानांवर दाट लव असते आणि मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं. कड्यावरच्या डेझीची पानं गुळगुळीत, आणि मूळ भेगेत दबून चपटं झालेलं. आत्या मला हे लहानपणापासून सांगत आली आहे. मला मात्र परवापर्यंत दोघी सारख्याच दिसत होत्या.

सोमवारी रस्ते खात्याचं पत्र आलं. ही डेझी उगवते तो कडा सुरुंगाने फोडून रस्ता रुंद करायचा होता. कड्यावरची डेझी आणखी कुठे उगवत असेल तर हरकत नव्हती, म्हणून गुरुवारच्या सुनावणीत संग्रहाने तसं आहे का ते सांगायचं होतं. संग्रहाच्या यादीत तिच्या दोन जागा होत्या: तो कडा आणि वाळवंट. वाळवंटाच्या नोंदीला आधार एकाच पुठ्ठ्याचा होता, आणि तो पुठ्ठा आत्याचा.

त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. ताटावर बसायची आणि भात चिवडत राहायची. मंगळवारी सकाळी गॅस बघायला ती पाच वेळा माघारी फिरली. पाचव्या वेळी मी ओरडले, "अगं, गॅस नाही पेटणार, तूच पेटशील!" नेहमी अशा वेळी ती हसते. त्या दिवशी हसली नाही.

दुपारी कळलं की ती चष्मा घरीच विसरली आहे. तो घेऊन मी तिच्या ऑफिसातल्या खोलीत गेले. टेबलावर दोन पुठ्ठे शेजारी शेजारी ठेवले होते, आणि ती भिंग घेऊन त्यांच्यावर वाकली होती.

"हे बघ," ती म्हणाली. "मूळ कसं आहे?"

"चपटं."

"आणि चिठ्ठी काय म्हणते?"

चिठ्ठीवर वाळवंट लिहिलं होतं. दुसऱ्या पुठ्ठ्यावरचं मूळ सरळ होतं, पानांच्या लवेत वाळूचे कण अडकलेले होते, आणि त्याच्या चिठ्ठीवर कडा. मलासुद्धा समजलं.

रोपं रद्दी कागदांत दाबून वाळवतात. रोज सकाळी ओले कागद काढून कोरडे घालायचे आणि रोपाबरोबर त्याची चिठ्ठीही उचलून ठेवायची. आत्याचा स्वतःचाच नियम आहे: एक गठ्ठा बांधून झाल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. ही दोन रोपं वाळत होती तेव्हा एका सकाळी तिने दोन्ही गठ्ठे एकदम सोडले होते. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि अठ्ठावीस वर्षं कोणालाच दिसली नाही. दोन्ही चिठ्ठ्या तिच्या अक्षरातल्या, आणि शंकाबाईच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार?

चिठ्ठीवरची तारीख मी पाहिली. माझ्या जन्माच्या दुसऱ्या दिवशीची होती.

संग्रहाचे साहेब आले, दोन्ही पुठ्ठे पाहिले आणि दार लोटून घेतलं. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. यादीत आहे तेच गुरुवारी सांगा. ही चूक बाहेर आली तर तुमच्या अकरा हजार चिठ्ठ्यांवर लोक बोट ठेवतील. संग्रहाचीही अब्रू जाईल."

"आणि कडा, साहेब?"

"दोन महिने राहिलेत तुमचे. शांतपणे जा."

मला साहेबांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं पटलंही. घरी येताना मी आत्याला म्हटलं, "एका फुलासाठी एकतीस वर्षं पाण्यात घालू नकोस." ती माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली. मग म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ," आणि पुढे चालू लागली. मला अजून माझ्या त्या बोलण्याची लाज वाटते.

संग्रहात जुनी चिठ्ठी कधी फाडत नाहीत. चूक तशीच ठेवून शेजारी नवी चिठ्ठी चिकटवतात, खाली सही आणि तारीख. बुधवारी आत्याने तशा दोन चिठ्ठ्या चिकटवल्या. मी विचारलं, "आता मोकळं वाटतं का?" ती म्हणाली, "मुळीच नाही."

गुरुवारी आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो, अर्थातच. सुनावणीच्या लांब टेबलाशी आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "कड्यावरची डेझी वाळवंटात नाही. यादीतली नोंद चुकीची आहे. चूक माझी आहे." मी खाली बघत होते.

रस्ते खात्याचे इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "बाई, अकरा हजार चिठ्ठ्या तुमच्या. त्यांतल्या आणखी किती चुकल्यात?"

साहेबांनी डोळे मिटले. हाच प्रश्न तिला तीन दिवस जेवू देत नव्हता.

"बहुतेक एकही नाही," आत्या म्हणाली. "रोज कागद बदलताना मला भीती वाटायची, काही चुकलं तर? म्हणून तीन-तीनदा बघायचे. त्या एका सकाळी मला कसलीच भीती वाटली नाही."

"का? काय होतं त्या दिवशी?"

"मुक्कामाच्या बंगल्यावर फोन आला होता. माझ्या भावाला मुलगी झाली होती."

कोणी हसलं नाही. सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि सांगितलं की वाळवंटात पुन्हा शोध घेऊन होईपर्यंत सुरुंग लागणार नाही. त्यानंतर काय ठरेल ते माहीत नाही.

शुक्रवारी आम्ही बरोबरच घराबाहेर पडलो. आत्या चार पायऱ्या उतरली आणि थांबली. ती काही बोलायच्या आत मी वर गेले, कुलूप उघडलं आणि गॅस बघून आले.

"बंद आहे," मी म्हटलं.

"नीट बघितलंस?"

"तीनदा."