झाकणाखालचा गुलाबी रंग

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवागामात आमच्या गल्लीत आंब्याचा रस बरणीत टिकवायला शिकवणारा बायकांचा वर्ग भरला होता. बाईंनी सांगितलं, बरणी बुडेल एवढं खोल पातेलं हवं आणि बरण्या रुंद तोंडाच्या, काचेच्या. पातेलं घरात होतं. बरण्यांचं अडलं होतं.

माझे यजमान पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते. एका संध्याकाळी त्यांनी पिशवीतून सहा बरण्या काढल्या. जाड काच, काळी झाकणं.

"रंगाच्या नमुन्यांच्या आहेत, फेकणारच होते. धुऊन घे."

मी हरखून गेले. साबणाने तीनदा घासल्या, गरम पाण्याने विसळल्या. पहिलीत केसर आंब्याचा रस भरला, पातेल्यात अर्धा तास उकळली आणि मागच्या गल्लीतल्या थोरल्या जाऊबाईंना नेऊन दिली. त्यांना सहावा महिना होता.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाच बरण्यांची झाकणंही मी उकळत्या पाण्यात टाकली. थोड्या वेळाने पाणी गुलाबी दिसायला लागलं. पांढऱ्या बशीत ओतून बघितलं. गुलाबीच. झाकणातली पुठ्ठ्याची चकती सुरीने उचकटली, तर खाली रंगाचा ओला थर.

गॅस बंद केला आणि तशीच अनवाणी धावले. जाऊबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या.

"काय व्हयनं व?" त्यांनी घाबरून विचारलं.

"ताई, कालची बरणी?"

"ती होय? ठेवलीय फळीवर. रविवारी भाऊ येणार आहे, त्याच्याबरोबर खाईन म्हटलं."

बरणीचं झाकण कुणी हलवलंही नव्हतं. मी तिथेच खाली बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. त्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग आम्ही दोघींनी मिळून रस मोरीत ओतला.

"वास किती छान येतोय मेला," त्या म्हणाल्या, आणि रडता रडता मला हसू फुटलं.

संध्याकाळी हे ऐकून यजमान पांढरे पडले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर बाजारात आले. प्रत्येक बरणीच्या काठावरून बोट फिरवत, झाकण उघडून नाकाशी नेत. दुकानदार वैतागला, "भाई, लेना है की सूंघना है?"

चार नव्या बरण्या घेतल्या. केसर आंब्याचा हंगाम संपत आला होता, म्हणून त्यांत टोमॅटोचा रस भरला.