चर्चमधलं तीर्थ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण पुढचं ऐकताना मी तुम्हाला हसू देणार नाही. एवढी शिकलेली मी, बी.ए. पहिल्या वर्गात पास, घरात रोज एक तरी क्रांती करणारी, आणि माती खाल्ली कुठे? भर चर्चमध्ये! खरं तर माती परवडली असती.

आम्ही बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातले. बाबा रामघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकवतात. घरी रोज पूजा झाली की बाबा पळीने सगळ्यांना तीर्थ देतात, आणि मी घेत नाही. "तांब्यातलं पाणी ते तांब्यातलं पाणीच," असं मी कॉलेजात गेल्यापासून ऐकवत आलेय. आई कपाळाला हात लावते. बाबा मुकाट्याने पळी खाली ठेवतात.

मला बी.एड.ला लखनऊला जायचं होतं. बाबांचं पालुपद एकच. "एकटी मुलगी परगावी बिघडते."

"बाबा, बनारसमध्ये बिघडायची सोय कमी आहे का?"

"हे बघ! हे असं बोलतेस, म्हणूनच."

अशात शीलाचं बोलावणं आलं. शीला माझी कॉलेजातली मैत्रीण, ख्रिश्चन. तिच्या आईचं मोठं ऑपरेशन निभावलं होतं, त्याबद्दल देवाचे आभार मानायला रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना होती. नाही म्हणतील असं धरून मी भांडायच्या तयारीनेच बाबांसमोर उभी राहिले. तर बाबा म्हणाले, "जा की. आजारातून उठलेल्या बाईला भेटायला जाऊ नये असं कोण म्हणतं? फक्त तिथे काही खायचं-प्यायचं नाही. थेंबसुद्धा नाही. एवढा एक शब्द पाळून दाखव, मग लखनऊचं बोलू."

बस? एवढंच? मी घरूनच पोट भरून पोहे खाल्ले, वर दोन पेले पाणी प्यायले आणि रिक्षात बसले. लखनऊ खिशात!

चर्चमध्ये मी चपला दारात काढून शिरले. आत पाहते तर सगळे बूट-चपला घालून बसलेले. असो. भजनं झाली, प्रवचन झालं. मग पास्टर साहेब वेदीपुढे येऊन उभे राहिले आणि मऊ आवाजात म्हणाले, "जिसके मन पर कोई बोझ हो, वह आगे आए. हम उसके लिए प्रार्थना करेंगे."

हार्मोनियम हळूहळू वाजत होतं. लोक उठून रांगेत उभे राहिले. शीलाच्या आईने मला कोपराने ढोसलं. "जाओ बेटी, शरमाओ मत."

मनावर बोजा होताच. तो घरी बसून पोथी वाचत होता. शिवाय खायला-प्यायला बंदी होती, रांगेत उभं राहायला नव्हती. गेले.

आता नीट ऐका. माझ्यापुढे एक चांगले धिप्पाड गृहस्थ होते. त्यांच्या पाठीमुळे पुढे काय चाललंय ते मला काही दिसेना. ते बाजूला झाले आणि मला दिसली फक्त पास्टर साहेबांच्या हातातली कललेली छोटी बाटली.

देवाशपथ सांगते, मी काहीच केलं नाही. हाताने केलं! उजवा हात आपोआप पुढे गेला, डावा त्याच्याखाली, तळव्याची छान वाटी झाली. बाटलीतलं जे काही होतं ते तिच्यात पडलं. ते मी आवाज न करता पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

तेल होतं हो! तेल! कपाळाला लावून आशीर्वाद द्यायचं जैतुनाचं तेल!

ते घशात उतरलं आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. मागून कोणीतरी गहिवरून ओरडलं, "हालेलुया!" दोन बायका धावत येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"रो लो बेटी, जी भर के रो लो," पास्टर साहेब म्हणाले. "क्या बोझ है?"

"पिताजी..." खोक खोक, "लखनऊ नहीं..." खोक, "जाने देते!"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हे प्रभु, इसके पिता का मन नरम कर!" अख्ख्या चर्चने म्हटलं, "आमेन!"

बाहेर आल्यावर शीलाने मला कोपऱ्यात ओढलं. "तूने तेल पी लिया?"

"अगं, तीर्थ समझकर..."

"पर तू तो घर में भी नहीं पीती!"

घरी कळता कामा नये, अशी तिला शपथ घातली. पण पास्टर साहेबांना कोण शपथ घालणार? मंगळवारी संध्याकाळी ते शीलाच्या आईला घेऊन, गल्लीगल्लीत पत्ता विचारत, रडणाऱ्या मुलीची चौकशी करायला थेट आमच्या बैठकीत!

"पंडितजी, आपकी बेटी में बड़ी श्रद्धा है."

दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल चाललंय अशा नजरेने बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हम तो तेल माथे पर लगाने वाले थे. इसने हथेली आगे की और पी गई!"

सुटली माझी लखनऊची गाडी. मी जमिनीकडे बघत राहिले.

"कौन से हाथ से?" बाबांनी विचारलं.

"जी? दाहिने से. बायाँ नीचे रखकर."

"आवाज़ हुई?"

"ज़रा भी नहीं."

"फिर?"

"फिर हाथ सिर पर फेर लिया."

बाबा उठून उभेच राहिले. "अगं ऐकलंस का! हात डोक्यावरून फिरवला म्हणे हिने!"

"बाबा, ती नुसती सवय होती," मी उसळले. "श्रद्धा-बिद्धा काही नाही!"

"तेच म्हणतोय मी! परक्या वेदीपुढेही जिचा हात चुकत नाही, ती लखनऊत काय बिघडणार? जा तू. शब्द मोडलास खरा, पण तेल प्यायलीस, तेवढं प्रायश्चित्त पुरे."

पास्टर साहेबांनी डोळे मिटले. "प्रभु ने सुन ली."

चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "मी मंगला गौरीच्या देवळात दर मंगळवारी जाते, ते काय उगीच?"

मी इतकी वर्षं घातलेल्या वादांचं नाव एकानेही काढलं नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनवर सगळा गोतावळा जमला होता. बाबा खिडकीशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस. तेल संपलं तर कळव, पाठवतो."

असलं झणझणीत उत्तर ओठांवर आलं होतं म्हणून सांगू! पण तेवढ्यात आईने गौरीचा प्रसाद पुढे केला, आणि माझा हात गेलेला होता. उजवा. डावा खाली ठेवून.